उतरणीची वही

भाचा औलीहून आला तो हात गळ्यात अडकवून.
म्हणाला, मावशी, तिथं उतारांना रंग असतात,
हिरवा नवख्यांचा, निळा सरावलेल्यांचा,
काळा ज्याचा त्याचा.
मग तू कुठल्यावर पडलास?
हिरव्यावर, म्हणाला,
आणि चिवड्यातले दाणे वेचत बसला.

मला मात्र ती रीत आवडली.
शुक्रवारी रात्री ट्रेकची वही उघडली,
शेजारच्या इरावतीच्या कंपासातून स्केचपेन मागून आणले.
चामरलेणी हिरवी.
रामशेजही हिरवा, जरी आशेवाडीतून निघताना
ऊन पाठीवर हात ठेवतं आणि काढत नाही.
अंजनेरी निळी, पायऱ्या आहेत तोवर तरी.
धोडपला निळा लावला,
शिडी आठवली, खोडला.
हरिहरला काळा.
काळा पेन सुकलेला, जिभेला लावून लावून ओढला.

डोंगर काही बोलले नाहीत.
माणसं फोनवर आपापला रंग सांगतात.
निकुंभ म्हणाला, रोज जिमला जातो, लिहा काळा.
प्रेसमधून रिटायर झालेले सानपकाका म्हणाले,
वय कशाला विचारता, वजन विचारा.
सातपूरच्या कंपनीतल्या गांगुर्डेबाई
कुकरच्या शिट्टीआडून म्हणाल्या,
मला कुठंही टाका, फक्त सहाच्या आत घरी सोडा.
मी सगळ्यांना पेन्सिलनं लिहिलं.

कारण चढताना सगळे सारखेच,
लालबुंद, वाकलेले, पुढच्याच्या टाचेशी बोलणारे.
मी बघते ते उतरताना.
कोण पाय टाकायच्या आधी थांबतो,
कोण थांबायच्या आधी टाकतो,
कुणाचे विनोद कुठल्या वळणावर संपतात.
बावीस वर्षं हेच बघितलं,
तरी अंदाज चुकतो तो चुकतोच.

हरिहरच्या उभ्या पायऱ्यांच्या माथ्यावर
निकुंभ दगडाला पाठ लावून उभा राहिला.
मी इथंच थांबतो, म्हणाला.
किती वेळ?
त्यानं खरंच विचार केला. म्हणाला, बघू.
खाली निरगुडपाड्याची कौलं, काडेपेटीएवढी एसटी,
मागे पुण्याहून आलेली पन्नास माणसं खोळंबलेली.
तेवढ्यात गांगुर्डेबाईंनी पदर खोचला,
त्याच्या खाली दोन पायऱ्या उतरल्या
आणि त्याच्या बुटाचं टोक धरून खोबणीत ठेवलं,
जसं लहान पोराला चप्पल घालावी.
तोंड दगडाकडे करा, दादा.
तिकडं आपलं काही नाही.
आता डावा. आता मी सांगते तो.
तळाशी आल्यावर मी विचारलं, कुठं शिकलात?
शिकायचं काय त्यात, म्हणाल्या,
माहेरी पेठकडे विहीर अशीच होती,
आणि तिथं डोक्यावर हंडा असायचा.

सरबताची बादली घेऊन एक पोरगा
त्याच पायऱ्यांवरून तिसऱ्यांदा वर निघाला होता, अनवाणी.
त्याला विचारलं, वाट कशी आहे रे?
सकाळी गार, म्हणाला. दुपारी भाजते.
मी वहीत लिहून घेतलं.
इतक्या वर्षांत हा रकाना सुचला नव्हता.

रात्री खोडरबर घेऊन बसले.
निकुंभ हिरव्यात आला, त्यानंच फोन करून सांगितलं,
आवाज बरा वाटला, पहिल्यांदा खरा.
सानपकाका जिथे होते तिथेच, वजनासकट.
गांगुर्डेबाईंना रंग दिला नाही.
नावापुढे लिहिलं: सगळ्यात शेवटी राहतील,
त्यांच्या मागे कुणीही नको.

मग माझं नाव.
शेवटच्या चाळीस पायऱ्यांत उजवा गुडघा
जात्यासारखा वाजत होता.
कुणी ऐकलं नाही, मीही मोठ्यानं बोलत होते.
हिरवा, लिहिलं. पेन्सिलनंच.
खोडरबर हातात होता,
तो कंपासात परत ठेवला.

पुढच्या रविवारी रामशेज.
भाच्यालाही घेते,
त्याचा हात सुटलाय, फक्त अजून भितो.
सावकाश जाऊ.
उतरताना बघेन त्याला.
तोही मला बघेल.